घरात बँड आहे, मला कॉन्झर्व्हेटरीत शिकायचंय

पत्र थोडक्यात असं : लिहिणारी मुलगी 19 वर्षांची, सोलापूरची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आजोबांपासून घरात लग्नाचं बँड. आषाढात ऑर्डरी थांबल्या की वडील तिला आणि धाकट्या भावाला घेऊन बसायचे. तिला क्लॅरिनेट, भावाला ट्रम्पेट. पुढे भाऊ वरातीत उभा राहायला लागला. तिला मात्र घराबाहेर वाजवायची परवानगी नाही. ‘पोरीच्या जातीनं रस्त्यावर वाजवायचं नाही’ हा घरचा नियम. वर्षभरापूर्वी तिनं लंडनच्या एका कॉन्झर्व्हेटरीतल्या, म्हणजे पाश्चात्य संगीताच्या महाविद्यालयातल्या, सुषिर (फुंकून वाजवायची वाद्यं), ब्रास आणि तालवाद्य विभागाच्या मुलामुलींचं वादन मोबाईलवर पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. एक एजंट ‘प्रवेश नक्की’ म्हणून आगाऊ पैसे मागतोय. आई पाटल्या मोडायला तयार आहे, वडील घर गहाण टाकायचं म्हणताहेत, काका म्हणतात, ‘शेवटी पिपाणीच वाजवायची, तर लंडन कशाला?’ तिचे प्रश्न तीन : कॉलेज सोडून पूर्णवेळ रियाज करू का? कर्ज काढू का? आणि अर्जात घरच्या बँडचा उल्लेख करू की लपवू?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन्ही त्यातूनच निघालेत. बँड लपवायचं नाही. अर्जात पहिल्या चार ओळींत लिहायचं : आजोबांचं बँड, बाबांनी शिकवलं, घरच्या तालमीत वाढले. तू पत्रात ‘मला खरं शिक्षण काहीच नाही, नुसतं कानानं वाजवते’ असं लिहिलंयस. हे वाक्य मला मान्य नाही. शेकडो चाली पाठ असणं, कुणी एक सूर धरला की त्या पट्टीत लगेच शिरता येणं, शेजारचा श्वास कुठे घेतो हे न बघता कळणं, हे सगळं शिक्षणच आहे. कॉन्झर्व्हेटरीत यातल्या काही गोष्टींसाठी वेगळे तास असतात. तुझं झालं आहे ते अर्धं. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे बोलू.

सोलापुरात राहून फुंकून वाजवायच्या वाद्याची लाज वाटावी याचं मला खरंच वाईट वाटतं. सनईच्या कुळातली, तिच्याहून आखूड अशी सुंदरी याच शहरातल्या जाधव घराण्यानं नावारूपाला आणली, पं. सिद्राम जाधव यांनी ती मैफलीत नेऊन बसवली. जरा दक्षिणेला बघ. ए. के. सी. नटराजन यांनी तुझ्याच क्लॅरिनेटवर कर्नाटक संगीत वाजवलं आणि 2008 साली मद्रास म्युझिक अकॅडमीचा ‘संगीत कलानिधी’ हा मान मिळवला. कद्री गोपालनाथ यांना सॅक्सोफोनची ओढ लागली ती म्हैसूरच्या राजवाड्यातलं बँड ऐकून. तेव्हा बँडमधून मैफलीकडे जाणारी वाट आपल्याकडे आधीच पडलेली आहे. तू तिच्यावरून कुठे जायचं ठरवतेस, एवढाच प्रश्न.

आता जिथे बँड अपुरं पडतं तेही स्पष्ट सांगते. वरातीत सगळं मोठ्यानं वाजतं. बाजूला ताशा, पुढे स्पीकरची गाडी, तिथे हळू वाजवून उपयोग काय? कॉन्झर्व्हेटरीच्या ऑडिशनला मात्र समोरची माणसं तुझा सर्वांत हळू सूर ऐकतात. एक प्रयोग आजच कर. मोबाईलवर ट्यूनर लाव. खालच्या सप्तकातला एक सूर अगदी बारीक सुरू कर, हळूहळू मोठा कर, पुन्हा बारीक करत विझव. सूर मोठा होताना काटा एका बाजूला आणि बारीक होताना दुसऱ्या बाजूला सरकेल. तो जागेवर ठेवायला ओठ आणि पोट जे काम करतात, त्याला काही महिने द्यावे लागतात. सोलापुरात मे महिन्यात तर आणखी पंचाईत : हवा तापली की वाद्याचा सूर चढतो, मग बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा छोटा तुकडा, किंचित बाहेर ओढून तो उतरवावा लागतो. बाबा हे करत असतील, तुला कदाचित कारण सांगितलं नसेल.

दुसरी जागा तुला चांगली ठाऊक असेल. अंगठ्याजवळची रजिस्टर की दाबली की बासरीसारखा वरचा सा मिळत नाही, थेट वरच्या सप्तकातला पंचम मिळतो. त्यामुळे मधल्या पट्ट्यात, जिथे जवळजवळ सगळी बोटं उघडी असतात, तिथून पुढच्या सुराला एकदम सगळी भोकं बंद करावी लागतात. वरातीच्या चालीत ही उडी मींडेत झाकून जाते. ऑडिशनच्या साध्या स्केलमध्ये ती झाकता येत नाही. रोज फक्त ही उडी, अगदी संथ, मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) 50 वर ठेवून कर. कंटाळवाणं आहे. या कंटाळवाण्या कामात तुझं मन रमतं का, हे कर्ज काढण्याआधी कळायला हवं, कारण तिथली चार वर्षं मुख्यतः याच कामाची असतात. तू व्हिडिओत जे पाहिलंस तो वर्षअखेरचा कार्यक्रम होता. त्यामागचा आठवडा असा असतो : स्वतःच्या वाद्याच्या शिक्षकाकडे एकटीनं एक तास, क्लॅरिनेटवाल्या सगळ्यांचा एकत्र वर्ग, बासरी-ओबो-क्लॅरिनेट-हॉर्न-बॅसून अशा पाच वाद्यांची तालीम, ऑर्केस्ट्रातले अवघड तुकडे घोटणं, कान तयार करायचा तास, थिअरी, बऱ्याच ठिकाणी जोडीला पियानो. बाकी सगळा वेळ एका छोट्या खोलीत तू आणि वाद्य.

आणखी एक गृहीत पत्रभर दिसतं : तिथली पदवी मिळाली की ऑर्केस्ट्रात जागा मिळणार. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले 30 च्या आसपास असतात. क्लॅरिनेट 2 ते 4, ट्रम्पेटही तेवढेच, ट्युबा बहुधा एकच. एक जागा निघाली की तिच्यावर अनेक देशांतले अर्ज येतात. भारतात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून मुंबईच्या एनसीपीएमध्ये आहे, पण तिच्यातही बरेच वादक बाहेरच्या देशांतले आहेत. म्हणजे शिकून आलेल्या माणसाचं पोट मुख्यतः शिकवणं, रेकॉर्डिंग, शाळांची बँडं तयार करणं आणि वेगवेगळ्या गटांत वाजवणं यावर चालतं. हे वाईट आयुष्य नाही, मला तर ते छान वाटतं. पण त्याच्या कमाईतून घर सोडवायला किती वर्षं लागतील याचा हिशेब तू बी.कॉम.ची मुलगी आहेस, माझ्यापेक्षा चांगला करशील.

त्या हिशेबाला आकडे घे. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींत बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्यांची फी वर्षाला 25,000 पौंडांच्या पुढे आहे, म्हणजे आपल्या 25 लाखांहून बरीच जास्त. पदवी चार वर्षांची. खोली आणि जेवण वेगळं. जर्मनीत सरकारी संगीत महाविद्यालयांत शिकवणीची फी बहुतेक राज्यांत नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सहामाहीला 1,500 युरो पडतात. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे 12,000 युरो खात्यात दाखवावे लागतात, जर्मन भाषा यावी लागते आणि प्रवेश परीक्षेत वादनासोबत कान, थिअरी आणि बहुधा पियानोही तपासतात. शिवाय जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ऑर्केस्ट्रांत क्लॅरिनेटची बोटांची पद्धतच निराळी आहे, तेही लक्षात ठेव.

एजंटाला पैसे देऊ नकोस. कॉन्झर्व्हेटरीचा प्रवेश ऑडिशनवर होतो आणि ऑडिशनचा निकाल कुणी आधी विकू शकत नाही. ब्रिटनमध्ये बहुतेक संस्थांचे अर्ज एकाच सामाईक संकेतस्थळावरून जातात. मुदत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि प्रवेश पुढच्या सप्टेंबरचा. परदेशी विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी ध्वनिचित्रफीत पाठवता येते. शिष्यवृत्तीही बहुधा त्याच ऑडिशनवरून ठरते. अर्ज तू स्वतः भरू शकतेस. तो माणूस ज्याचे पैसे घेणार आहे ते काम तुझ्या मोबाईलवर एका दुपारचं आहे.

आता ‘उशीर झाला का’ हा तू न विचारलेला, पण ओळीओळीत डोकावणारा प्रश्न. व्हायोलिन-पियानोवाली मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू करतात. फुंकायच्या वाद्यांचं तसं नाही; फुप्फुसं, दात, हाताची पकड तयार व्हावी लागते, म्हणून इथे बरेच जण दहा-बाराव्या वर्षी सुरुवात करतात. तू त्यांच्यात बसतेस. आणि पदवीनंतरचा अभ्यासक्रम हाही एक दरवाजा आहे. काही संस्था दुसऱ्या विषयाची पदवी असली तरी वादनाच्या जोरावर विचार करतात. त्यासाठी हातात कुठली तरी पदवी लागतेच. म्हणून कॉलेज सोडू नकोस. बी.कॉम.चे तास तुझा दिवस खात नाहीत, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचा एक, तोही तुकड्यांत, एवढा रियाज ओठांना पुष्कळ होतो. क्लॅरिनेटवर सलग पाच-सहा तास बसलीस तर ओठ सुजतील, उजव्या अंगठ्याचं दुखणं मागे लागेल आणि काम पुढे जाणार नाही.

पाटल्या मोडण्याआधी एक लहान खर्च कर, त्याला माझी पूर्ण संमती आहे. तुझं वाद्य कुठलं आहे ते बघ. आपल्याकडच्या बँडांत मेरठच्या जाली कोठी भागातून आलेली वाद्यं सगळीकडे दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच क्लॅरिनेटना जुनी साधी पद्धत असते, कळा कमी आणि बोटं वेगळी. ब्रिटनमध्ये, फ्रान्समध्ये, अमेरिकेत चालते ती बोम पद्धत. तुझं वाद्य जुन्या पद्धतीचं असेल तर बोटं नव्यानं बसवावी लागतील आणि ते जितकं लवकर तितकं बरं. सुरुवातीला प्लॅस्टिकचं, नावाजलेल्या कंपनीचं, जुनं पण तपासून घेतलेलं वाद्य चालेल. लाकडी घेऊ नकोस. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकडाला तडा जायची भीती असते. सोबत चांगला माउथपीस आणि रीडचा (माउथपीसला लावायच्या पातळ पट्ट्यांचा) डबा. बाबा वापरतात ती रीड रस्त्यावर आवाज पोचवायला ठीक असेल. तू अडीच नंबरपासून सुरुवात कर, चार रीड आळीपाळीनं वापर, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेव.

मग शिक्षक. इथे तुला माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला. भारतातल्या खासगी संगीत संस्था पियानो, गिटार, गाणं, ड्रम्स, फार तर व्हायोलिन चांगलं शिकवतात. फुंकायच्या वाद्यांचं तसं सांगता येत नाही. त्यामुळे चेन्नई असो की मुंबई, प्रवेश घेण्याआधी एकच विचार : ‘माझ्या वाद्याचे शिक्षक कोण, ते कायमचे आहेत का आणि आठवड्याला किती वेळ देतील?’ उत्तर गुळमुळीत आलं तर इमारत कितीही देखणी असो, पुढे जाऊ नकोस. त्याऐवजी लष्कराच्या किंवा पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला क्लॅरिनेटवाला शोध. ही माणसं नोटेशन वाचूनच नोकरी करून आलेली असतात. लष्कराच्या वादकांचं शिक्षण पचमढीला होतं. ते केंद्र 1950 मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं सुरू झालं. आपल्याकडे सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे, शहर पोलीस आहेत, माजी सैनिकांच्या संघटना आहेत. बाबांना विचारायला लाव, बँडवाल्यांची आपापसात ओळख असतेच. सोलापुरात कुणी मिळालं नाही तर पुणं. हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. पंधरवड्यातून एकदा समोरासमोर आणि मधे ऑनलाइन, असं निभेल.

नोटेशन शिकताना घाबरून जाऊ नकोस. तुला सूर येतात, फक्त ते कागदावर कुठे बसतात हे शिकायचंय. एक गोम मात्र आधीच सांगते : बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर कागदावरचा ‘सी’ वाजवला की पियानोवरचा ‘बी-फ्लॅट’ ऐकू येतो. तुझा कान पक्का आहे म्हणून तुलाच हे जास्त खटकेल. थोडे दिवस जातील. मग ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षा दे. 2020 पासून दोघांच्याही वादनाच्या परीक्षा ध्वनिचित्रफीत पाठवून देता येतात, त्यासाठी मुंबई गाठायला नको. कॉन्झर्व्हेटरीत साधारण आठव्या ग्रेडच्या वरची तयारी धरतात. तू मधल्या ग्रेड गाळून थेट चौथीला बसलीस तरी हरकत नाही. या परीक्षांनी तुला एक फुकटचा फायदा होईल : आपण नेमके कुठे उभे आहोत हे घरच्या कुणी नाही, परक्या माणसानं सांगितलेलं असेल.

आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे, जी एकट्यानं ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना मिळत नाही : घरात वाजवणारी माणसं. भावाची ट्रम्पेट, कुणाचं युफोनियम, कुणाचा साइड ड्रम. आषाढी ते तुळशीचं लग्न हा तुमचा रिकामा काळ. त्या काळात आठवड्यातून दोन संध्याकाळी सोपे चार ओळींचे तुकडे कागदावरून वाजवा. भाऊही वाचायला शिकेल, बँडलाही त्याचा उपयोग होईल. पहिल्या दिवशी सगळे अडखळतील आणि कुणीतरी ‘हे सोड, नेहमीचं घे’ म्हणेल. तेव्हा तू मागे हटू नकोस.

एका वाटेबद्दल पत्रात काहीच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. हवाई दल आणि नौदल ‘अग्निपथ’ योजनेत ‘अग्निवीर’ म्हणून वादकांची वेगळी भरती करतात. दहावी उत्तीर्ण, अविवाहित, मुलींनाही खुली, वयाची मर्यादा साधारण साडेसतरा ते 21. वाद्यांच्या यादीत क्लॅरिनेट असतं, स्वरलिपीही बघतात. नोकरी चार वर्षांची. त्यातल्या चौथ्या हिश्शापर्यंत लोकांना पुढे कायम करतात. राज्य पोलीस भरतीतही बँड्समनची पदं निघतात, तिथे मैदानी चाचणी असते. तुला शिस्तीचं, गणवेशाचं आयुष्य नको असेल तर सोडून दे, त्यात काही कमीपणा नाही. पण रोज पगारी तालीम, चांगली वाद्यं आणि वरचे वादक शेजारी, हे घर गहाण न टाकता मिळत असेल तर निदान विचार कर. तुझ्या हातात दीड-दोन वर्षंच आहेत, म्हणून हे आत्ता सांगते.

तुझ्यासारखीच पत्रं मला हलगी-ढोलकी वाजवणाऱ्या मुलांचीही येतात. त्यांच्यासाठी एवढंच : परदेशातल्या तालवाद्य विभागात नुसता ताल पुरत नाही. स्नेअर ड्रमवरचा बारीक रोल, टिंपनी म्हणजे सुरात लावायचे मोठे नगारे आणि झायलोफोन-मारिंबासारखी पट्ट्यांची वाद्यं, ही तिन्ही ऑडिशनला बहुधा लागतात. मारिंबा सोलापुरात मिळणार नाही, पण साधा कीबोर्ड घेऊन स्वरलिपी वाचायला आजपासून सुरुवात करता येते. हलगीच्या काडीनं मनगट तयार झालेलं असतंच.

राहता राहिले बाबा. त्यांनी तुला शिकवलं आणि दारातच अडवलं, याचा तुला राग आहे, तो रास्त आहे. वरातीत रात्री अकरा वाजता पिऊन नाचणाऱ्यांच्या मधे मुलीला उभं करायचं नाही, यामागे त्यांनी स्वतः तिथे काय सोसलंय तेही असेल. पण रस्ता नको म्हणून कुठेच नको, हे मला पटत नाही. त्यांच्याकडे लंडन मागण्याआधी दुसरं काहीतरी माग : शहरातल्या एखाद्या कार्यक्रमात, मंचावर, घरच्या चौघांनी बसून अर्धा तास वाजवायचं, तू पुढे. गणपतीतल्या मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमापासून सुरुवात होऊ शकते. आधी तू लोकांसमोर कशी वाजवतेस, हात थरथरतो का, श्वास पुरतो का, हे तुलाही कळेल. ज्या माणसानं मुलीसाठी घर गहाण टाकायची तयारी दाखवली, तो मंचावर बसायला नाही म्हणेल असं मला वाटत नाही.

घर मात्र या दोन वर्षांत गहाण पडता कामा नये. तिसऱ्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत सातवी-आठवी ग्रेड झाली असेल, ध्वनिचित्रफीत तयार असेल, तेव्हा तीन-चार ठिकाणी अर्ज कर आणि कोण किती शिष्यवृत्ती देतं ते बघ. कर्जाचा कागद त्यानंतर समोर घ्यायचा. त्याआधी या आठवड्यात वाद्याची पद्धत कुठली ते तपास, एजंटाला नकार कळव आणि बाबांना निवृत्त बँडवाल्याचा पत्ता काढायला सांग. शिक्षक मिळाले की मला लिही. पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्याकडून काय काय मागायचं ते आपण तेव्हा ठरवू.